इरबहुदु

सकाळी साडेसातला खिडकीपुढं रांग लागते.
डब्या मी घेते. झाकणावर नाव, वय, वॉर्ड.
डबी देताना माणसं माझ्याकडं बघत नाहीत.
रक्त देताना बघतात, थुंकी देतानासुद्धा.
या एकाच गोष्टीची लाज
खडे बाजारापासून खानापूरपर्यंत सारखी.

अकरा वर्षं झाली, आता वास येत नाही.
काचपट्टीवर जांभळा रंग, आयोडीन, धुणं, मग गुलाबी.
भिंगाखाली काठ्या दिसतात, मणी दिसतात,
आणि प्रत्येक माणूस म्हणजे
जत्रा भरलेलं एक गाव.

यळ्ळूरहून रेणू आली, कलमेशला घेऊन.
नऊ वर्षांचा. बाकावर टेकत नाही.
फळ्यावर कानडी, घरी मराठी,
डोळे खिडकीबाहेरच्या डंपरवर.
मास्तरांनी वहीत लिहून पाठवलंय: लक्ष नाही.
दोन वर्षांमागं टायफॉइड झाला,
तेव्हा औषधांचे तीन कोर्स लागोपाठ गेले त्याच्या पोटात.
'तेच्यानंच हे. आतले चांगले जंतू मेले असतील.
मोबाईलवर बघितलंय मी. तू लॅबात असतीस, सांग की गे.'

होसमनी बाईंना विचारलं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
पोटातून मेंदूकडं एक नस जाते, म्हणाल्या,
निरोप वर जातात, खालीही येतात.
उंदरांत दिसलंय. माणसांत अजून बघतायत.
पोर चंचल म्हणून नुसता भातच खातं,
की नुसता भात खातं म्हणून चंचल,
तेही कुणाला नीट ठाऊक नाही.
मग हात धुता धुता एकच शब्द:
इरबहुदु.

असू शकतं.
मराठीत त्याचे दोन शब्द होतात
आणि मधल्या फटीत शंका पाय पसरून बसते.
कानडीत तो एका घोटाचा.
रेणूला तेवढाही गिळवेना.
'हो म्हण, न्हाईतर न्हाई म्हण.'

कसं म्हणू?
दिराचं बोलणं पोटात घाल, हे आम्हाला शिकवलंय.
ऐकलेलं पोटात ठेव, तेही.
तिथं जागा किती, कोण राहतं, कुणी विचारलं नाही.
माझी एक अर्धी गोळी आहे, पांढरी, रात्री साडेनऊची.
रेणूला माहीत नाही.
डॉक्टरांनी विचारलं होतं, मन कसं आहे?
मी म्हणाले, भूक लागत नाही.
खोटं नव्हतं ते.

रविवारी यळ्ळूरला गेले.
रेणूनं नाचणीची आंबील आदल्या रात्रीच घातलेली,
मडक्यावर फडकं.
कलमेशनं फडकं उचललं
आणि उकिडवा बसला.
एक बुडबुडा वर आला, फुटला. मग बराच वेळ काही नाही.
मग कडेला दोन, बारीक.
बाहेर ट्रॅक्टर गेला, त्यानं मान वळवली नाही.
मी घड्याळ बघितलं. सात मिनिटं. बारा.
'बघ, आंबील लागू पडली,' रेणू कुजबुजली.
अजून घोटसुद्धा घेतला नव्हता त्यानं.

इरबहुदु, मी म्हणाले,
आणि तोंड उघडलंच होतं तर पुढचंही आलं:
रेणू, मी एक गोळी घेते.

तिच्या हातातली पळी तशीच राहिली.
'कसली?'

'श्शू,' मडक्यावर वाकलेला कलमेश म्हणाला,
'बोलू नका.
तुम्ही बोललासा की तेनी थांबत्यात.'