कठडा

पाच कमानी. तिसरी जरा पोट काढून उभी.
बोरीच्या कोरड्या वाळूत उतरून
मी हातोडीनं दगड ठोकत जाते.
टण् वाजला की जिवंत.
भद् वाजला की वहीत लाल टिंब.
दुपारपर्यंत एकेचाळीस टिंबं झाली.

निंबा पाथरवट मागून येतो,
माझ्यानंतर प्रत्येक दगड पुन्हा ऐकतो,
तळहातानं.
"बाई, सांध्यात सिमेंट नका कोंबू.
चुना श्वास घेतो. सिमेंट दात आवळतं,
मग दगडच फुटतो बिचारा."
पुस्तकातही हेच आहे,
मागच्या पानांवर, बारीक अक्षरात.

वरून केळीचा ट्रक गेला.
तिसऱ्या कमानीतून चिमूटभर चुना
माझ्या वहीवर सांडला,
ओल्या सहीवर वाळू टाकावी तसा.
मी अजून सही केली नव्हती.

ग्रामपंचायतीत खुर्च्या कमी, माणसं फार.
हिलाल गुरुजी उठले :
कठड्याला बोट लावायचं नाही.
त्याच्यावर नवकंकरीचे तीन पट कोरलेत,
गाड्या सोडून, बैलांना पाणी पाजून
आमच्या आज्यांनी तिथं डाव मांडले.
सरकी नेणारे, मीठ आणणारे,
हरलेले, जिंकलेले,
सगळ्यांच्या बसण्यानं तो दगड गुळगुळीत झालाय.
टाळ्या पडल्या. मीही वाजवली असती.

दाराशी चिंधाबाई उभी होती.
तिला कुणी बोल म्हटलं नव्हतं.
"पूल पाडू नका. पन कठडा उच्चा करा.
मना पोऱ्या तठेच बठेल व्हता."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पुसला.
ट्रॉलीचा नुसता कोपरा लागला होता गोकुळला.
दोन वर्षं झाली.

नियम म्हणतो, अकराशे मिलिमीटर.
कठडा सहाशे चाळीस.
मधले चारशे साठ
मी विश्रामगृहाच्या टेबलावर रात्रभर मांडले, खोडले.
वरून काँक्रीट चढवलं तर पट गाडले जातात.
गज ठोकले तर दगड चिरतो.
आहे तसं ठेवलं तर
पुढच्या जत्रेला कुणाचं पोर बसेल तिथं,
मला त्याचं नाव आधी कळणार नाही.
पंखा कुरकुरत होता. पहाटे लाईट गेली.

शेवटी आत, वीतभर अंतर सोडून
लोखंडी जाळी उभी केली,
तिचे पाय रस्त्यात रोवलेले, दगडाला न शिवता.
उद्या कुणाला याहून बरं सुचलं
तर पाने घेऊन यावं, उघडून न्यावी.
दिसायला वाईटच आहे. मला माहीत आहे.
गुरुजी म्हणाले, जिवंत जनावराला कुंपण घातलंत.
ट्रक नव्या पुलावरून, नऊ किलोमीटर वळसा.
राजधर चहावाल्यानं स्टोव्ह गुंडाळला,
जाताना एवढंच म्हणाला :
पूल वाचला, मॅडम. मी नाही वाचलो.
हे माझ्या अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचं
ते कुणी शिकवलं नव्हतं.

चुना निंबानंच मळला,
गूळ किती, बेलफळ किती, मला सांगितलं नाही.
चौदा दगड बदलले.
नव्या दगडांच्या पाठीवर, आतल्या बाजूला,
त्यानं काहीतरी खूण केली.
मी पाहिलं. विचारलं नाही.

तिसऱ्या कमानीची भेग मात्र आहे.
तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली,
तारीख टाकून.
भेग हलली तर काच आधी तडकेल.
रोज सकाळी पहारेकरी धुडकू फोन करतो :
"काच शाबूत शे, मॅडम."
मी हं म्हणते, चूल पेटवते.

परवा तो आणखी एक बोलला.
चिंधाबाई येते म्हणे संध्याकाळची,
जाळीतून हात घालून
मधला पट चाचपते,
खड्ड्यात एक खडा ठेवते,
आणि दुसऱ्या बाजूचा डाव
तसाच सोडून जाते.