आठवा आराखडा

पहिल्या आराखड्यात पूल सरळ होता.
पट्टी ठेवून ओढलेला, चौऱ्याऐंशी मीटर,
मध्ये दोन खांब.
वनखात्याच्या माणसानं पेन्सिलीच्या मागच्या टोकानं
डावा खांब पुसून टाकला :
"इथे मगरीचं बीळ आहे.
मार्चमध्ये ती अंडी घालते. तुम्ही मार्चमध्ये काय करणार?"
आम्ही मार्चमध्ये खांबाचा पाया खणणार होतो.

म्हणून पूल वाकला.
साहेब म्हणाले, खर्च वाढला.
मी म्हटलं, विश्वामित्री तरी कुठे सरळ जाते?
साऱ्या बडोद्यातून चालते
उधारी थकलेल्या माणसासारखी,
दुकान दिसलं की गल्ली बदलत.

पलीकडे देहदान केलेल्यांची बाग.
अस्थी नाहीत, समाधी नाही.
एकेक झाड, बुंध्याशी पत्र्याची पट्टी, पट्टीवर नाव.
माझ्या तक्त्यात ती 'गंतव्य क्रमांक दोन'.
(एक म्हणजे रिक्षा स्टँड.)

जाहीर सुनावणीला दांडिया बाजारातले
दिगंबर सापळे आले, वय एकोणऐंशी,
हेल्मेट मांडीवर.
"चढ किती?"
विसास एक.
"मग जाताना ढकलत नेईन. येताना बसून येईन.
कठडा?"
एक मीटर चाळीस.
"बरं."
खाली बसले. पुन्हा उठले.
"मध्ये थांबायला जागा ठेवा.
तिकडे पोचायच्या जरा आधी
एकदा वाटतं, आज नको."

नियमावलीत याचा तक्ता नाही.
वेग आहे, ताशी पंधरा.
भार आहे : खांद्याला खांदा लावून उभी गर्दी
धरून चालायची, पूलभर.

त्या रात्री पार्किंगमध्ये
मुलीची सायकल घेऊन खडूनं गोल काढले,
पाय न टेकता ती किती जागेत वळते ते पाहायला.
वॉचमननं विचारलं, "बेन, कंई खोवायुं?"
काही हरवलं नव्हतं. अडीच मीटर त्रिज्या.

आता वळणावर, बाहेरच्या अंगाला,
पूल तेवढा फुगला आहे,
गिळलेलं अजून पोटात असल्यासारखा.
बाक नको, हसमुखभाई म्हणाले,
लोक बसतील, फाफडा खातील.
खाऊ देत.
नकाशावर लिहिलंय 'नदीदर्शन सज्जा',
कारण 'परत फिरण्याची जागा' लिहिलं असतं
तर लेखा विभागानं हरकत घेतली असती.

आणि खाली, पुसलेल्या खांबाच्या जागी,
ती.
तिला यातलं काहीच कळवलेलं नाही.