दाणे नकोत

राजेंद्रनगरातून मुंगीकाकूंचे त्रेचाळीस डबे
सकाळी साडेनऊला निघतात.
त्यांच्यासाठी मी एक अ‍ॅप लिहिलं, पायथनमध्ये,
फुकट, म्हणजे महिनाभराच्या जेवणाच्या बोलीवर.
नाव, मजला, पोळ्या किती,
आणि तळाशी एक ओळ, जी चुकून चालणार नाही:
भंवरकुआँ, तिसरा मजला, अनिमेष. दाणे नकोत.
एकदा काकडीतल्या कुटानं त्याचा गळा असा सुजला
की भेरूलाल उरलेले डबे पानवाल्याकडे टाकून
त्याला स्कूटरवर घालून दवाखान्यात पळाला.

तर ती ओळ ठळक हवी, एवढंच काकूंचं म्हणणं.
भेरूलाल उन्हात वाचतो, चष्म्याशिवाय,
एक पाय जमिनीला टेकवून.

ठळक. त्यात काय आहे!
लेबलला सांगितलं, हो ठळक.
लॅपटॉपवर झालं, काळंभोर, भरदार,
जणू कुणी बोरूनं दोनदा गिरवलंय.
फोनवर टाकलं
तर बाकी सगळं जागच्या जागी,
पोळ्या चार, मजला तिसरा,
आणि ज्या दोन शब्दांसाठी हा खटाटोप
तिथे चार चौकोन, मोकळी जागा, पुन्हा चार.
काकूंनी फोन हातभर लांब धरला.
"डबे आले की गं," म्हणाल्या,
"पण रिकामे."

दोन रात्री गेल्या.
मार्कअप बंद असेल म्हणावं, तर चालू.
ठळक वळणाची फाइलच नसेल म्हणावं,
तर होती, साध्या फाइलीला खेटून,
जुळ्या बहिणींतली अंगानं जरा भरलेली.
मागच्या आठवड्यात हिंगाची वेलांटी
ह च्या पाठीमागे जाऊन उभी राहिली होती
तेव्हा अक्षरं जुळवणारं इंजिनच बदललेलं,
त्याच्यावरही संशय घेतला. बिचारं.

पहाटे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली
तेव्हा माझीच एक जुनी ओळ दिसली:
फाइल सापडली नाही तर गप्प बस, दुसरा फॉन्ट घे.
तो दुसरा रोमन घरातला.
त्याला द म्हणजे काय, ण म्हणजे काय.
विचारलेलं कळलं नाही की चौकोन काढून देतो,
नापास मुलगा पेपरात रेघा ओढतो तसा.

पण फाइल का सापडू नये?
तर नावात बी मोठा होता, मी लिहिलेला लहान.
लॅपटॉप असल्या गोष्टी चालवून घेतो.
फोन नाही.
माझ्या लिपीत अक्षराला थोरलं-धाकटं नसतं.
पाचवीत माझ्या आडनावाचं पहिलं अक्षर लहान पडलं
म्हणून दिघेबाईंनी लाल पेननं भोवती गोल केला होता,
तो गोल
इतक्या वर्षांनी इथे येऊन भेटला.

बी मोठा केला.
आणि गप्प बसायची ती ओळ पुसली.
सापडलं नाही तर ओरड, म्हटलं,
अ‍ॅप कोसळलं तरी बेहत्तर.

भेरूलालनं पाय टेकवून पाहिलं.
"अब दिख रिया है."
किक मारली, गेला.

काकूंनीही पाहिलं, दोनदा.
"मग त्या सोनगऱ्यांची बाकीपण अशीच जाड कर,
तीन महिन्यांची आहे."
आणि फडताळातून नेलपेंटची बाटली काढून
अनिमेषच्या झाकणावरचा लाल ठिपका,
घासून घासून फिका पडलेला,
पुन्हा भरू लागल्या.
मी काही बोलले नाही.
वाळेपर्यंत झाकण धरून उभी राहिले.