हार्लो काउंटी

रेडिओवरचा यांत्रिक आवाज गावं सांगत नाही,
काउंट्या सांगतो.
आणि इथं येणाऱ्या कुणालाच ठाऊक नसतं
आपली गाडी कुठल्या काउंटीत उभी आहे.
तळं ठाऊक असतं, मासा कुठं गळाला लागतो ते ठाऊक असतं,
आइस्क्रीमचं दुकान तर शेंबड्या पोरांनाही.
म्हणून दर एप्रिलात मी न्हाणीघराच्या भिंतीवर
खडूनं लिहून ठेवते, वीतभर अक्षरांत:
तुम्ही हार्लो काउंटीत आहात.
कुणी वाचत नाही.

त्या दिवशी चारपासून वारा पडलेला.
झेंड्याची दोरी एरवी खांबावर दिवसभर टिणटिण करते,
ती गप्प.
पश्चिमेला आभाळ कळंक चढलेल्या पितळेसारखं,
आणि बावीस नंबरवाले निवांत मांस भाजत होते.
मी सांगितलं, कापडी छपरं गुंडाळा, गॅस बंद करा.
टेक्सासहून आलेला एकजण म्हणाला,
बाई, आम्ही वादळं पाहिलीत.
पाहिली असतील.

साडेनऊला भोंगा झाला.
विजेरी घेऊन मी दारोदार निघाले.
दारं तरी कसली, पत्र्याची;
आत पडदे, फ्रीजवर नातवंडांचे फोटो,
आणि चाकांखाली लाकडाचे ठोकळे सारून
आपण म्हणायचं, मुक्काम केला.
गारा आधी वाटाण्याएवढ्या आल्या,
मग लिंबाएवढ्या,
मग मी आकार बघायचं सोडलं
आणि डोक्यावर बादली पालथी घातली.

सतरा नंबर.
मिलो हावरानेक दार उघडून उभा,
मागे आर्डिस, बूट उलट्या पायांत.
"बूट घालायचे की नाही, यातच वीस मिनिटं गेली,"
तो म्हणाला. तक्रार नव्हती.
उद्या ऊन आहे म्हणावं, तसं.
ती विसरायला लागली तेव्हा त्यानं शेत विकलं, घर विकलं,
ही गाडी घेतली.
गाव कुठलंही असो, चमच्यांचा खण
सिंकच्या डावीकडेच.

न्हाणीघरात एकेचाळीस माणसं, तीन कुत्री, एक पोपट.
ब्लीचचा वास, ओल्या केसांचा वास.
दिवे गेले.
मग तो आवाज. लोक म्हणतात आगगाडीसारखा.
मला विचाराल तर कुणीतरी अख्खं शेत
मांजरपाटासारखं एका हिसक्यात टरकावलं.
कानांत दडे बसले.
रेडिओ काउंट्या वाचत होता.
"आपण कुठं आहोत?" टेक्सासवाला ओरडला.
"आपण कुठं आहोत?" कुणाचीशी मुलगी.
"आपण कुठं आहोत?" आर्डिस म्हणाली,
आणि चार वर्षांत पहिल्यांदाच
कुणी वळून तिच्याकडे पाहिलं नाही.
मिलोनं विजेरी भिंतीवर धरली
आणि वाचून दाखवलं, सगळ्यांना,
रोज तिला सांगतो त्याच सुरात,
जणू आत्ताच कुणीतरी पहिल्यांदा विचारलंय.

उजाडलं तेव्हा
बावीसची शेगडीसुद्धा जागच्या जागी.
सतरावर नुसता काँक्रीटचा ओटा, पाण्याचा नळ,
विजेचा खांब, खांबावर आकडा, शाबूत.
गाडी कुंपणापलीकडे गुडघाभर मक्यात,
उताणी.
चमच्यांचा खण मला तळ्याकाठी सापडला,
चमचे नव्हते.

आर्डिसनं विचारलं.
मिलोनं तोंड उघडलं, मिटलं.
मग तो ओट्यावर बसला, तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या,
डावा डाव्या पायात घातला, उजवा उजव्या.
गाठी मारल्या.
तेवढा वेळ त्याला लागला.

त्यांच्या तीन रात्री उरल्या होत्या, मी पैसे परत दिले.
त्यानं बोट ओलं करून मोजले,
एक डॉलर जास्त आलाय म्हणाला,
आणि माझ्या हातावर ठेवला.