सतऱ्या

आमच्या कामाचं नाव कागदावर लांबलचक होतं,
गावात एकच: "गूवाली बाई आली व."
लुनाच्या मागे निळा डबा, डब्यात बर्फ,
बर्फात घट्ट झाकणाच्या डब्या
आणि प्रत्येक डबीवर आकडा,
कारण बारशाच्या आधी लेकराला
आकडा मिळून जातो.

वनमाला कुमरेच्या पोराला मिळाला तीनशे सतरा.

बाजेवर बसून तेरा पानं वाचली मी तिला.
दोन कुप्या असतात, दिसायला जुळ्या.
एकीत लस. दुसरीत तसंच दिसणारं, पण लस नसलेलं.
कोणती कोणाला, ते एका लिफाफ्यात,
लिफाफा दूरच्या शहरात, कुलपात.
ती तुरीच्या शेंगा सोलत होती.
"म्हंजे का देऊन रायले, ते तुमाले बी मालूम नाई?"
"नाही."
"डाक्टरले?"
"त्यांनाही नाही."
तिने आणखी एक शेंग सोलली.
पहिली मुलगी तिची हगवणीनं गेली होती,
ऐन थंडीत, जीपची वाट पाहता पाहता.
मग सही केली, चौथीतल्या अक्षरात,
कुमरेवरची मात्रा द्यायची राहून गेली.

तीनदा, पाच-पाच थेंब.
तिन्ही वेळा त्याने तोंड वाकडं केलं
आणि तिन्ही वेळा ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू मी त्याच्या तोंडावरून ओळखीन.

हा रोग थंडीत जोर धरतो.
कापसाचा दुसरा वेचा होईतो
मी दोरीवरचे लंगोट मोजत गावात शिरायला शिकले होते.
चाराच्या वर दिसले की लुना थांबायची.

एका सकाळी तिच्या दोरीवर अकरा होते.

डोळे आत. टाळू खोल.
पोटाला चिमटा घेतला तर कातडी तशीच उभी.
चमचा चमचा पाणी, ओकला, पुन्हा चमचा.
हिंगणघाटपर्यंत जीपमध्ये
कोणती कुपी, हे तिने विचारलं नाही.
आणि मी, हे लिहायलाच हवं,
नमुना घ्यायला विसरले नाही.
तिचं लेकरू मांडीवर सैल पडलेलं असताना
मी झाकण फिरवून घट्ट केलं,
तारीख लिहिली, वेळ लिहिली.
तिने ते पाहिलं.

वाचला.
चौथ्या दिवशी इतका रडला दुधासाठी
की वॉर्डातल्या बाया हसल्या.

दोन वर्षांनी लिफाफा उघडला.
छापील रांगांवरून बोट उतरत गेलं.
तीनशे सतरा: दुसरी कुपी.

सांगायला गेले ती तयारी करूनच गेले.
की दुसऱ्या कुपीशिवाय पहिलीचं खरंखोटं कळत नाही,
की लस लागू पडली, की त्याच्यासारख्या
शेकडो लेकरांमुळेच
तिने मधेच विचारलं,
"त्या दिसी डबी भरली होती तुनं."
"हो."
"कामी पडली?"
"पडली."
"मंग बस. चहा मांडतो."
चहात साखर नव्हती.
विसरली की घातली नाही, मी विचारलं नाही.

आता बुधवारी अंगणवाडीत सगळ्यांना एकच कुपी.
वनमाला दीड महिन्याची मुलगी घेऊन आली यंदा.
थेंब पाजून झाले तशी म्हणाली, "आण इकडे."
रिकामी कुपी नाकाशी धरली,
बराच वेळ.
"वासच नाई हिले," म्हणाली, आणि परत दिली.

तिच्या पदरामागून तो पुढे आला.
शाळेत लावायचं नाव प्रणित,
पण सारं गाव त्याला सतऱ्या म्हणतं
आणि तो छाती काढून ओ देतो.
लेकीच्या कार्डावर वाकून बघितलं त्याने,
मग माझ्याकडे.
"इले नंबर नाई देला?"
"नाही रे. आता नंबर लागत नाही."
त्याने बहिणीच्या पायाचा अंगठा धरून हलवला,
जरा कीव आल्यासारखा.