बावीसशेच्या आसपास

तक्रारवहीत यशोमतीनं लिहिलंय एवढंच:
‘बावीसशेच्या आसपास थरथर.’
खाली सही,
आणि पेन उगाच टेकवून ठेवल्याचा एक ठिपका.

मी विचारलं, कुठं जाणवते? पायांत, की दांड्यात?
म्हणाली, दातांत.

कराडच्या धावपट्टीवर सकाळी सातला
नदीकडचं धुकं रेंगाळत असतं.
वारुंजीच्या बाजूला कुणाचा तरी ट्रॅक्टर सुरू झाला.
त्याला कुणी विचारत नाही का थरथरतोस म्हणून;
थरथरतोय म्हणजे चालू आहे.
आमचं तसं नाही.

चाकांना ठोकळे. ब्रेक दाबून सतराशे.
दोन हजार. काही नाही.
बावीसशेला होकायंत्रातले आकडे
कुणी ओल्या अंगठ्यानं पुसावेत तसे पुसट,
तेवीसशे पन्नासला पुन्हा लख्ख.
डावा मॅग्नेटो बंद करून पाहिला, मग उजवा.
थरथर तीच, तेवढीच.
म्हणजे दोष आगीचा नाही,
फिरण्याचा आहे.

इंजिन ज्यांवर बसतं ती चारही रबरं
टॉर्च धरून दाबून पाहिली. मागच्याच वर्षीची, घट्ट.
मग पात्याच्या टोकाशी लाकडी ठोकळा, पेन्सिलची खूण,
आणि दुसरं पातं हातानं त्याच जागी.
(किल्ली माझ्या खिशात. तरी खिसा चाचपते.
बोटं दहाच आहेत.)
फरक पोस्टकार्डाच्या जाडीइतकाही नाही.

दुपारी डबा उघडला तेव्हा अतीक म्हणाला,
‘ताई, मिरजेला माझ्या चुलत्याकडं
तानपुऱ्यात ही थरथर भरून घ्यायला
लोक कुठनं कुठनं येतात,
तारेखाली दोरा सरकवत चुलता दिवस घालवतो.
आन् आपण ती घालवायला बसलोय.’
मी हसले. तो हसला नाही.
उठला, हात पुसले,
आणि पंख्याच्या नाकावरच्या पांढऱ्या शंकूवर
बोटाच्या पेरानं टकटक करत फिरला,
भोपळा पारखतात तसा.
‘हितं बोलतंय. हितं बी.
हितं मात्र तोंडात घास धरल्यागत.’

दहा स्क्रू. नववा हट्टी निघाला,
तेल घालून अर्धा तास त्याच्याशी भांडले.
शंकू सुटला,
आणि आत, एका कडेला चिकटलेलं
कुंभारमाशीचं घर:
तीन खोल्या, दोन लिंपलेल्या,
तिसरीत पिलासाठी भरून ठेवलेले
ना मेलेले ना जिवंत असे कोळी.

विम्याच्या एका कागदासाठी विमान चार महिने उभं होतं.
तिला कुणाचा कागद लागला नाही.
पात्याच्या बुडाशी बोटभर फट दिसली,
माती आणली, एक एक गोळी, तोंडात धरून.

अतीक ते कागदात गुंडाळून शनिवार पेठेत घेऊन गेला.
सोनारानं काट्यावर घेतलं: एकवीस ग्रॅम.
दोन तोळ्यांवर माती.
मग काटा पुसला म्हणे, दोनदा.

संध्याकाळी पुन्हा बावीसशे.
आकडे वाचता येतात.
शून्याची कड अजून जराशी सैल आहे,
पण ते मलाच दिसतं, किंवा मला वाटतं.
वहीत लिहिलं: शंकूत माती. काढली.
जमिनीवरची चाचणी समाधानकारक.
हा शब्द लिहिताना दरवेळी
माझंही पेन जरा टेकतं.

सकाळी यशोमती संगमावरून एक फेरा मारून उतरली.
विचारलं, दात?
‘गप्प आहेत.’
आणि बाकी?
‘बाकी काय, ताई,’ ती हेल्मेटसारखी ओढणी सोडवत म्हणाली,
‘हात कापतायत ते माझे आहेत.’

हँगरच्या दारातून एक काळी माशी आली,
पाय लोंबते, कंबर दोऱ्याएवढी.
पंखाखालून गेली, चाकापाशी थांबली,
पुन्हा वर.
मी वेग मोजायच्या नळीवर
लाल कापडी टोपी चढवली,
आणि तिची गाठ ओढून पाहिली.