आधी ऐक, मग बटण

आल्मेडा सर निवृत्त होऊन वेंगुर्ल्यात परतले तेव्हा
बरोबर दोनच पेट्या: एकीत व्हायोलिन,
एकीत बंद पडलेला हेडसेट.
त्यांच्या ओटीवर, वाळत घातलेल्या काजूबियांशेजारी,
मी आकाशाशी बोलायला शिकले.
माईक म्हणून हातात टॉर्च.

पहिला आठवडा बोलूच दिलं नाही.
"आधी ऐक," म्हणाले, "मग बटण.
दोघं एकदम बोलली की दोघांचंही वाया जातं,
उरते नुसती शिट्टी."
मला आमच्याकडची जेवणं आठवली:
आई आणि पपा, एकाच फ्रिक्वेन्सीवर, सव्वीस वर्षं.

मग अक्षरं. शाल्मली हे नाव सुटं झालं:
सिएरा, होटेल, अल्फा, लिमा, माइक,
जत्रेत हात सुटलेली पोरं जशी
एकेक लांब लांब उभी.
मग आकडे. पाचाला फाइफ, नवाला नाइनर,
आणि तीनाला ट्री.
कोलंबी सोलता सोलता काकी म्हणाली,
"तीनाचा झाड केलंस काय गो?"

हो म्हणायचं नाही. अफर्म.
नाही म्हणायचं नाही. निगेटिव्ह.
बघूया, जमलं तर, मग सांगते, होईल होईल,
ज्या शब्दांवर आमचा अख्खा गाव चालतो
त्यांना वर परवानगी नाही.

आणि टॉवर सांगेल ते जसंच्या तसं
परत म्हणून दाखवायचं.
हे मला येतं, मी म्हटलं.
देवळात गाऱ्हाणं घालतात, एकेक वाक्य टाकतात,
मागून आम्ही सगळे: व्हय म्हाराजा!
सर हसले नाहीत.
"तो होकार झाला. देवाला चालतो.
टॉवरला, तू काय ऐकलंस ते पाहिजे."

परीक्षा परक्या शहरात, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली.
विमान कागदावर, इंजिनाची आगही कागदावर.
मेडे तीनदा म्हणायचं.
तिसऱ्याला माझा आवाज सरकला,
कारण निवतीच्या खडकांपलीकडून
पपांच्या सेटवरून एकदा असंच काही आलं होतं,
अर्धं, खरखरतं, जागा न सांगता,
आणि आम्ही बंदरावर पहाटेपर्यंत
कुठे, कुठे, एवढंच विचारत होतो.
(पपा दुपारी आले. ओले, चिडलेले,
सेटच्या सात पिढ्या उद्धरत.)
परीक्षकांनी चष्मा काढून पुसला.
"सावकाश," म्हणाले. "आणि जागा गाळू नका."

कार्ड आलं. फोटोत माझा एकच कान.

आज परुळ्याच्या सड्यावर जांभा तापलाय.
खाडीकाठची खारफुटी किती उरली ते मोजायचंय.
माझं यंत्र कागदोपत्री मानवरहित;
माणूस खाली उभं आहे, टोपी घरी विसरून.
ऐकलं. परत ऐकलं. बटण दाबलं.
नाव, जागा, उंची, हेतू.
टॉवर म्हणाला, स्टँड बाय.

स्टँड बाय म्हणजे चाळीस मिनिटं.
ड्रोनची पेटी करवंदीच्या सावलीत.
एक घार कुणालाही न विचारता वर गेली,
दोन गिरक्या घेतल्या, खाली आली.
मग विमान उतरलं, पांढऱ्या पोटाचं,
आणि माझ्या कानात एक कोरडा आवाज:
खाडीच्या पश्चिमेला, एकशे वीस फुटांपर्यंत,
संपलं की कळवा.
मी शब्दन् शब्द परत दिला,
सुटे पैसे मोजून द्यावे तसा.

काम उरकून ड्रोन उतरवला, टॉवरला कळवलं,
तेवढ्यात खिशातला फोन.
"खंय आसस?"
परुळ्याच्या सड्यावर, मी म्हटलं. उंची शून्य.
एक वाजता निघते. मग घरी.

तिकडे जरा खरखर.
मग पपा, ज्यांनी जन्मात कुणाचं वाक्य
पुरं होऊ दिलं नाही:
"सड्यार. उंची शून्य.
एकाक सुटतलस. मगे घराक."
थोडं थांबून,
"सुरमई आसा."

सुरमई, मी परत म्हटलं.